डबीत किती उरल्या?

सकाळी आठ ते साडेआठ हा त्या घरातला सगळ्यात धांदलीचा अर्धा तास. नवरा एका हाताने शर्टाची बटणं लावत दुसऱ्या हाताने डबा पिशवीत कोंबत होता. चहा एकदा उतू जाऊन दुसऱ्यांदा गॅसवर चढला होता. वॉशिंग मशीन थरथरत कोपऱ्यातून इंच इंच पुढे सरकत होतं, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत नाना कालचं वर्तमानपत्र आजचं म्हणून मन लावून वाचत होते. त्यांना कुणी ते सांगत नसे. बातम्या तशाही त्याच असतात, असं वहिनींचं मत होतं.

वहिनी म्हणजे नानांची सून. वय पंचेचाळिशीच्या जरा अलीकडे. इमारतीत त्यांना कॉम्प्युटरवाल्या वहिनी म्हणत, पण त्या नक्की काय करतात हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. दिवसभर घरीच असतात म्हणजे काही करत नसाव्यात, असा एक पक्ष होता. दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतात म्हणजे बरंच काही करत असाव्यात, असा दुसरा. पहिल्या पक्षाची पुढारी वहिनींची सख्खी नणंदच होती. "तू घरीच असतेस ना, मग," अशी तिची निम्मी वाक्यं सुरू व्हायची आणि वहिनींनी कुणाला तरी दवाखान्यात नेऊन आणण्यावर संपायची.

चहा गाळत असतानाच दारावर थाप पडली. एक, दोन, तीन, आणि मग शांतता. शेजारणी दार ढकलूनच आत यायच्या, आणि सामान पोचवणारे थाप मारून जिना उतरायला लागायचे. ही थाप उभं राहून वाट पाहणाऱ्याची होती.

बेल त्या दाराला नव्हतीच. तीन वर्षांपूर्वी काढून टाकली होती. नाना सदतीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, आणि घंटा झाली की पाळी सुरू हे त्यांच्या हाडात भिनलेलं. विसरायला लागल्यापासून बेल वाजली रे वाजली की नाना बूट चढवून तयार. दिवसातून सहा वेळा बूट काढायला लावण्यापेक्षा बेलच काढलेली बरी, असं ठरलं.

दारात एक तरुण बाई उभी होती. छातीशी फाईल, खांद्याला मोठी पिशवी, चेहऱ्यावर तीन मजले चढून आल्याची लाली. तिने वहिनींचं पूर्ण नाव विचारून खात्री केली आणि आपण वकील असल्याचं सांगितलं. तीन ईमेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही, म्हणून स्वतः यावं लागलं, हे तिने इतक्या सौम्यपणे सांगितलं की वहिनींना ते जास्तच लागलं.

नवऱ्याने घड्याळ पाहिलं, वकीलबाईंना पाहिलं, आणि पायांत चपला सरकवल्या. तो पाणीपुरवठ्याच्या खात्यात पंपांवर होता. हजेरी, रजा, निवृत्तीची तारीख, सगळं छापील. "मालकीणबाई, तुमचं ऑफिस घरी आलंय," तो हळूच म्हणाला आणि जिना उतरला.

मालकीणबाई हा त्याचा सात वर्षं जुना विनोद. त्याआधी वहिनी एका मोठ्या कंपनीत होत्या. अकरा वर्षं तिथे त्यांनी हजेरीचा आणि रजांचा सगळा प्रोग्रॅम सांभाळला. सांभाळला म्हणजे काय, वाढवला, पोसला, आजारपणं काढली. नोकरी सोडली त्या दिवशी चार वाजता कागदांवर सही झाली आणि चार वाजून दहा मिनिटांनी कंपनीने त्यांचा कॉम्प्युटर बंद केला. अकरा वर्षांचं काम आत राहिलं. बाहेर आला एक कप आणि खुर्चीवरची उशी. त्या संध्याकाळी ती उशी मांडीवर घेऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "आता यापुढे जे करीन ते माझं असेल." तेव्हापासून मालकीणबाई.

सुरुवातीला खरंच मालकिणीसारखं वाटलं. दुपारच्या उन्हात पाय पसरून काम करता येतं, हे चाळिशीच्या उंबरठ्यावर कळलं. नको त्या कामाला नको म्हणता येतं, हेही कळलं, आणि पहिल्यांदा नको म्हटलं तेव्हा त्या अर्धा तास उगाचच घरभर हिंडल्या. पण हळूहळू दुसरी बाजू दिसायला लागली. एका साहेबाच्या जागी पाच साहेब आले, आणि पाचही जणांना आपण एकटेच आहोत असं वाटायचं. ताप आला तर कळवायचं कुणाला? दोन दिवस छळणारी चूक एकदाची सापडली, तर शेजारच्या टेबलावरच्या कुणाला दंडाला धरून दाखवायची सोय नाही. चहा करायला उठायचं आणि गॅसला सांगायचं, सापडली बरं का.

आणि जे करीन ते माझं, याचं काय झालं? प्रत्येक नव्या कामाच्या करारात एक परिच्छेद असायचा. या कामासाठी लिहिलेला शब्द न् शब्द, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, काम देणाऱ्याचा. नोकरीत निदान एकाच धन्याचं होतं. इथे दर चार महिन्यांनी नव्या धन्याचं. आपण भाड्याच्या घराला आयुष्यभर रंग देत बसलोय, असं वहिनींना कधीकधी वाटे, आणि मग त्या उठून कपडे वाळत घालत.

वकीलबाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी काम सांगितलं. घरी जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या नर्सेसची एक कंपनी होती, तिच्यासाठी वहिनींनी दोन वर्षांपूर्वी एक प्रोग्रॅम केला होता. रुग्णाने औषध घेतलं की नाही यावर लक्ष ठेवणारा. त्या कंपनीला आता दुसरी मोठी कंपनी विकत घेत होती. वकीलबाई त्या घेणाऱ्यांच्या. व्यवहार याच आठवड्यात व्हायचा होता, आणि त्याआधी ज्यांनी ज्यांनी त्या प्रोग्रॅमला हात लावला होता, त्या सगळ्यांकडून सही हवी होती: सगळं तुमच्या हवाली केलं, माझ्याकडे एकही प्रत उरलेली नाही. नुसतं लिहून चालणार नव्हतं. प्रती समोर पुसायच्या, आणि कुठकुठल्या मशीनवरून पुसल्या त्याची यादी करायची.

"काही अडचण तर नाही ना?" वकीलबाईंनी विचारलं.

वहिनी नाही म्हणाल्या आणि लॅपटॉप आणायला आतल्या खोलीत गेल्या. तीन ईमेल त्यांनी वाचले होते. तिन्ही पहिल्या तासात वाचले होते. उत्तर का दिलं नव्हतं, ते बाहेरच्या खोलीत नानांच्या कोपराशी एका लाकडी स्टँडवर उभं होतं.

तो एक जुना फोन होता, कोपऱ्यात तडा गेलेला. चार वर्षांपूर्वी नाना पहिल्यांदा पडले ते सकाळी साडेनऊला, मोरीच्या दारात. रक्तदाबाची पांढरी गोळी त्यांनी त्या सकाळी तीनदा घेतली होती. त्यानंतरच्या आठवड्यात एकदाही घेतली नाही. "नाना, गोळी घेतली का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "घेतली गं." घेतली असली तरी तेच, नसली तरी तेच. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण आपल्याला आठवत नाही हे सुनेपुढे कबूल करण्यापेक्षा घेतली म्हणणं सोपं होतं. वहिनींनी मोबाइलचे गजर लावून पाहिले, बाजारातले दोन-तीन प्रोग्रॅम घालून पाहिले. सगळे एकच विचारायचे, घेतली का? हो किंवा नाही. नाना दरवेळी मोठ्या रुबाबात हो दाबायचे.

मग एक दिवस वहिनींनी त्यांना कपाटातल्या काडेपेट्या मोजताना पाहिलं. काही कारण नव्हतं. बसल्या बसल्या मोजत होते, आणि सात म्हणजे सातच होत्या. सकाळी काय खाल्लं ते या माणसाला सांगता येत नव्हतं, पण समोरच्या मालाची मोजणी त्याने सदतीस वर्षांत कधी चुकवली नव्हती आणि आताही चुकवत नव्हता. वहिनी त्या दुपारी बसल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी नवा प्रोग्रॅम लिहिला. तो गोळी घेतली का हे विचारतच नव्हता. तो विचारायचा, डबीत किती उरल्या? आवाज वहिनींचाच भरलेला, पण मुद्दाम कोरडा केलेला, खिडकीमागच्या कारकुनासारखा. नाना मोजून आकडा दाबायचे. असायला हव्यात त्यापेक्षा एक जास्त निघाली, की फोन म्हणायचा, एक जास्त आहे. मग नाना अस्वस्थ व्हायचे. मालात फरक म्हणजे नामुष्की. गोळी ते तब्येतीसाठी घेतच नव्हते. फरक मिटवायला घेत होते. आणि मोजणी बरोबर आली, की फोन म्हणायचा, बरोबर आहे, डबी बंद करा. दुसऱ्यांदा गोळी घ्यायची सोयच उरली नाही. चार वर्षांत नाना पुन्हा पडले नव्हते. फोनचं नाव त्यांनी हेड ऑफिस ठेवलं होतं.

मग नर्सेसच्या कंपनीचं काम आलं. त्याआधी चार महिने वहिनींकडे एकही काम नव्हतं, आणि नणंदेची वाक्यं वाढली होती. कंपनीचा मालक पहिल्याच भेटीत म्हणाला की त्याला कुणाचं उरलंसुरलं नको, सगळं नवं कोरं हवं. वहिनींनी आठवड्याने त्याला एक नवी कल्पना सांगितली. औषध घेतलं का असं विचारायचंच नाही, उरलं किती ते विचारायचं. तो खुर्चीतून उठला आणि चक्क टाळ्या वाजवल्या. हे कसं सुचलं तुम्हाला? वहिनी हसल्या. खूप दिवसांत कुणी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या हसण्यात जे झाकलं गेलं, ते झाकलेलंच राहिलं.

करारात शेवटी एक पान होतं. तुमचं स्वतःचं आधीचं काही काम यात वापरत असाल तर इथे लिहा. खाली पाच रिकाम्या ओळी. अख्ख्या करारात तेवढ्या पाचच ओळी वहिनींच्या मालकीच्या होत्या. तिथे काय लिहायचं? सासऱ्यांच्या गोळ्यांचा फोन? नवं कोरं मागणाऱ्या माणसासमोर? त्यांनी लिहिलं, काही नाही. खाली सही केली, आणि घरी येऊन नानांच्या फोनमधला प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलून कामात घातला.

लॅपटॉप टेबलावर आला. वकीलबाईंनी खुर्ची जवळ ओढली. वहिनींनी एकेक फोल्डर दाखवलं, पुसलं, आणि पुसल्याचं दाखवलं. मग कप्प्यातली छोटी डिस्क. वकीलबाई यादीत खुणा करत होत्या. बाई कामसू होती, उगाच बोलत नव्हती. झालंच आता, आणखी पाच मिनिटं, असं त्या म्हणाल्या, आणि वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ अठ्ठावीस. फोनचा आवाज बंद करावा, असं त्यांच्या मनात आलं. नानांच्या खुर्चीपर्यंत सहा पावलं होती. पण आवाज बंद केला, तर आजची गोळी गेली. त्या बसूनच राहिल्या.

"नाना, पांढऱ्या डबीत किती उरल्या?" हेड ऑफिसने विचारलं.

नानांनी पेपर घडी करून ठेवला. डबी उघडून गोळ्या झाकणात ओतल्या आणि बोटाने एकेक पुढे ढकलली. "दहा," त्यांनी मोठ्याने सांगितलं आणि पडद्यावरचा मोठा आकडा दाबला.

"नऊ हव्यात. एक जास्त आहे."

"फरक आला," नाना खेदाने म्हणाले. एक गोळी उचलली, पाण्याबरोबर घेतली, पुन्हा मोजल्या. "नऊ."

"बरोबर आहे. डबी बंद करा."

वकीलबाईंचं पेन थांबलं होतं. प्रोग्रॅमची माहिती त्यांना चार वेळा दाखवली गेली होती. कंपनी विकत घेण्याजोगी झाली ती या एका प्रश्नामुळे, हे त्यांच्या फाईलमध्येही कुठेतरी लिहिलेलं होतं. त्यांनी फोनकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "हे काहीतरी बाजारातलं घेतलेलं असेल, नाही का?"

वकीलबाईंनी सुटकेचं दार उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की फोन राहील, नानांची सकाळ राहील, सगळं राहील. फक्त ते वहिनींनी केलेलं नव्हतं, एवढंच म्हणायचं.

वहिनींनी तोंड उघडलं, पण नाना आधी बोलले. "बाजारातलं? अहो, आमच्या सूनबाईने केलंय ते. स्वतः. मी समोर बसलो होतो." सकाळचं विसरणाऱ्या नानांना ती दुपार बरोबर आठवत होती. "सगळे म्हणतात घरी बसून असते. घरी बसून हेड ऑफिस काढलंय तिने."

अख्ख्या गोतावळ्यात वहिनींच्या कामाला काम म्हणणारा हा एकच माणूस. त्याच्यासमोर आता म्हणायचं की नाही नाना, मी नाही केलं, विकत आणलं.

"हो," वहिनी म्हणाल्या. "मीच केलंय. तुमच्या कामाच्या दोन वर्षं आधी."

वकीलबाईंनी सुस्कारा टाकला. फाईलमधून करार काढला, शेवटचं पान उलटलं आणि टेबलावर ठेवलं. काही नाही. अक्षर वहिनींचंच होतं, घाईतलं. वकीलबाईंनी समजावलं, आणि त्या चांगलंच समजावत होत्या. आधीचं असेल, पण नोंदवलेलं नाही. मग ते कामातच आलं, आणि कामाचं सगळं कंपनीचं. आजच्या यादीत हा फोन घालावा लागणार. पुन्हा तसंच नवीन लिहून घेतलं, तरी तेही त्यात येणार. हवं असेल तर कंपनीचंच वापरता येईल, त्यात बाईचा छान आवाज आहे.

"नाना दुसऱ्या आवाजाला उत्तर देत नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"मग तुम्ही तोंडाने विचारा ना. तोंडाने विचारायला कुणाची हरकत नाही."

वकीलबाई हे मनापासूनच म्हणाल्या होत्या. वहिनींना हसू आलं. आपल्याच घरात, आपल्याच सासऱ्यांना, आपलाच प्रश्न तोंडाने विचारायला हरकत नाही. आणि विचारला तरी काय? सून समोर उभी राहिली की नाना मोजत नाहीत. घेतली गं म्हणतात.

नानांनी कराराचं पान लांबून पाहिलं होतं. कोरे रकाने त्यांना पाचशे फुटांवरून ओळखू येत. "नोंद केली नव्हतीस?" त्यांनी विचारलं. रागावून नाही. हाताखालच्या नवख्या माणसाला विचारावं तसं. "आत आलेला माल आधी लिहायचा असतो, सूनबाई. मग तो कुणी नेऊ शकत नाही."

"चुकलंच, नाना."

"होतं असं," नाना म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला.

वहिनींनी वकीलबाईंच्या हातातलं पेन घेतलं. मशीनच्या यादीत तिसरी ओळ स्वतःच लिहिली: जुना फोन, एक. या वेळी नोंद चुकली नाही. अक्षरही नीट आलं. कंपनीत असते तर हे कुणी माझ्याकडे मागायला घरी आलं नसतं, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. त्यामागोमाग दुसरा आला, की कंपनीत असते तर त्या दुपारी घरी नसते, काडेपेट्या मोजणारे नाना दिसले नसते, आणि मागायला काही उरलंच नसतं. दोन्ही विचार खरे होते, आणि दोन्हींचा आज काही उपयोग नव्हता.

त्यांनी सही केली, पण तारखेची जागा कोरी ठेवली. कागद वकीलबाईंकडे सरकवला, आणि त्यावरून हात मात्र उचलला नाही.

"डबीत नऊ गोळ्या आहेत," वहिनी म्हणाल्या. "तेवढ्या संपेपर्यंत हा फोन असाच राहू द्या. तारीख त्या दिवशी घालीन."